रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतेच

आपल्या भागात पोटाच्या एकाच तपासणीला दोन नावे आहेत. लातूर-उदगीरकडून सून होऊन आलेली मुलगी 'सोनोग्राफी झाली' म्हणते आणि इथे जन्मलेली 'स्कॅनिंग आयतु' म्हणते. गावाच्या नावातच हळ्ळी आणि खेड, म्हणजे कन्नडातले गाव आणि मराठीतले गाव, शेजारी शेजारी बसले असताना दुसरे काय होणार! नाव कोणतेही घ्या, हातात पडणारा कागद मात्र इंग्रजीतच असतो. आणि तो वाचून दाखवा म्हणून आमच्या हळ्ळीखेडातल्या लेकीसुना माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नव्हे. शाळेत इंग्रजी शिकवले, एवढाच काय तो माझा अधिकार.

हे कागद वाचता वाचता एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. दर महिन्याला पाळीच्या दिवसांत जमिनीवर लोळणाऱ्या, ओकाऱ्या काढणाऱ्या, कॉलेज बुडवणाऱ्या मुलीच्या कागदावर शेवटी पुष्कळदा एकच ओळ असते: दोष आढळला नाही. घरी गेल्यावर तिचे भाषांतर होते, 'एनू इल्ला, नार्मल अद.' आणि त्याचेही पुढे एक भाषांतर होते, ते कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मुलीला ऐकू येते: 'नाटक करते.'

वाचकहो, आज लिहायचे आहे ते या ओळीबद्दल आणि एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजाराबद्दल. नाव जिभेला जड आहे, पण आजार विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुलींना आणि बायकांना, म्हणजे जगात १९ कोटींच्या आसपास जणींना, तो असतो. गर्भाशयाच्या आत जे अस्तर दर महिन्याला तयार होते आणि पाळीत गळून जाते, तशाच जातीचे अस्तर या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढते. बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर, कधी लघवीच्या पिशवीवर. आपल्याकडे पाळी आलेल्या बाईला मराठीत 'बाहेरची' म्हणतात आणि कन्नडात 'होरग' बसली म्हणतात. इथे तर अस्तरच बाहेर बसलेले! महिन्याच्या संप्रेरकांची हाक त्यालाही ऐकू येते. तेही सुजते, त्यातूनही रक्त झिरपते, पण त्या रक्ताला वाट नसते. मग आजूबाजूला दाह होतो, आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. दुखणे पाळीपुरते असते, पुढे पाळीआधीही सुरू होते. काहींना शौचाच्या वेळी, काहींना नवऱ्याजवळ गेल्यावर दुखते. ही गोष्ट बाई कुणाला सांगणार? काहींना तर आजार कळतो तो मूल का होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच.

हे सगळे फोटोत का दिसत नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे की हा आजार एका रूपात येत नाही. एक रूप बीजांडकोशातल्या गाठीचे. तिच्यात जुने रक्त साठून घट्ट, तपकिरी होते, म्हणून डॉक्टर तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. हे नाव जुने आहे. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२१ साली या गाठींचे वर्णन केले, तेव्हापासून ते चालत आले. ही गाठ सोनोग्राफीत चांगली दिसते. आतले पाणी स्वच्छ काळे न दिसता धुरकट काचेसारखे, एकसारखे करडे दिसते. दुसरे रूप खोल रुतलेल्या गाठींचे, बहुधा गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खाचेत. त्या दिसतात, पण बघणारा जाणकार हवा आणि वेळ देणारा हवा. तिसरे रूप पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर शिंपडल्यासारख्या डागांचे. हे डाग काही मिलिमीटरचे. ते सोनोग्राफीत भरवशाने दिसत नाहीत, एमआरआयमध्येही नाहीत. आणि दुखणे डागाच्या आकाराच्या प्रमाणात असते असे मुळीच नाही. लहान डागांची मुलगी लोळत असते आणि मोठ्या चॉकलेट सिस्टची बाई शेतात राबत असते, असेही होते.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच, की या यंत्राने, या दिवशी, या माणसाला जे दिसू शकते त्यात काही दिसले नाही. हे काही माझ्या मनचे नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१७ साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आला तरी एंडोमेट्रिओसिस नाही असे धरू नका, असे स्पष्ट सांगितले आहे.

आता सोनोग्राफीचेही दोन प्रकार. एक वरून, पोटावर जेल लावून. त्यासाठी पाणी पिऊन लघवी तुंबवून बसावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरी आतून, म्हणजे बारीक दांड्यासारखे यंत्र योनीमार्गातून घालून. त्यासाठी उलट लघवी करून यावे लागते. एंडोमेट्रिओसिस बघायचा असेल तर आतली सोनोग्राफी कितीतरी जास्त सांगते, कारण यंत्र दुखऱ्या जागेच्या अगदी जवळ जाते. आपल्या बायका पुष्कळदा 'वरूनच करा' म्हणून आग्रह धरतात आणि डॉक्टरही घाईत मान डोलावतात. लग्न झालेल्या बाईने आतल्या तपासणीला भ्यायचे कारण नाही. बाई डॉक्टर मागता येतात, सोबतीला आपले माणूस मागता येते, दुखले तर थांबा म्हणता येते. अविवाहित मुलीची मात्र अशी तपासणी आपल्याकडे सहसा करत नाहीत. तिच्यासाठी वरची सोनोग्राफी, आणि गरज पडली तर एमआरआय, हा मार्ग असतो. काही ठिकाणी गुदमार्गानेही तपासतात, पण त्यासाठी मुलीला आधी नीट समजावून तिची संमती घेतली पाहिजे.

आतल्या सोनोग्राफीत एक खुबी आहे, ती मला एका स्त्री-डॉक्टरांनी दाखवली. निरोगी पोटात गर्भाशय आणि त्यामागचे आतडे एकमेकांवरून सहज सरकतात, ओले हात एकमेकांवरून सरकावेत तसे. डॉक्टर यंत्राने हलकेच ढकलून बघतात. सरकले तर ठीक. सरकलेच नाही, तर मागची जागा चिकटली आहे असा संशय घ्यायचा. तसेच दोन्ही बीजांडकोश आपापली जागा सोडून गर्भाशयाच्या मागे एकमेकांना टेकलेले दिसले, तर तीही खूण. पण सरकणे ही हालचाल आहे. ती फिल्मवरच्या स्तब्ध फोटोत उतरत नाही. ज्याने तपासले त्यानेच ती रिपोर्टात लिहिली पाहिजे. म्हणून नुसती फिल्म घेऊन हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलात, तर तेही त्या फिल्मवरून हे सांगू शकणार नाहीत, पुन्हा तपासतील. त्यात पैसे काढण्याचा डाव असेलच असे नाही.

आणि ज्याला काय शोधायचे हे सांगितले नाही, तो शोधणार कसा? चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढेच लिहिले असेल तर तपासणारा मूतखडा बघेल, अपेंडिक्स बघेल. पाळीतले दुखणे म्हणून सांगा. आपल्या बायका 'होट्टी ब्यानी' म्हणून थांबतात. कधी, किती दिवस, शौचाला त्रास होतो का, हे बोलतच नाहीत. समोर पुरुष बसलेला असतो, सोबत सासू असते. मग एका कागदावर आधीच लिहून न्या आणि कागद पुढे करा. मराठीत लिहा की कन्नडात, बिदर-कलबुर्गीकडे कुणीतरी वाचणारे भेटतेच.

माझ्या नणंदबाईंची मुलगी हुमनाबादला कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट सांगते. दर महिन्याला तीन दिवस अंथरुणात. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हिला स्कॅनिंगला नेऊ कशी? तिथे सगळ्या पोटुशी बायका बसलेल्या. कुणी आपल्यातले पाहिले तर लग्न ठरेल का हिचे?" ही भीती मी अनेक घरांतून ऐकली आहे. सोनोग्राफीच्या दवाखान्यात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी असते. १९९४ च्या कायद्याने ती लावावीच लागते आणि लावली पाहिजे. पण त्या पाटीमुळे हे यंत्र म्हणजे गरोदरपणाचेच, असा समज होऊन बसला आहे. वास्तविक त्याची सुरुवात गाठींपासून झाली. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, लोखंडातली चीर शोधण्याच्या ध्वनियंत्रावर बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा जो गाजलेला लेख आला, त्याचे शीर्षकच पोटातल्या गाठींच्या तपासणीचे होते. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग म्हणून सोडून दिले होते. यंत्राने दाखवले की ती बीजांडकोशाची भली मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचली. मी नणंदबाईंना म्हटले, "ताई, हे यंत्र बाळांच्या आधी बायकांसाठी आले." त्या हसल्या नाहीत, पण मुलीला घेऊन निघाल्या.

वरून सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. घरी पुन्हा तेच, नार्मल अद. पुढे कलबुर्गीच्या एका डॉक्टरीणबाईंनी मुलीला एकटीला आत बसवून अर्धा तास विचारले आणि म्हणाल्या, फोटोत नाही म्हणून दुखणे नाही असे मी मानत नाही, गोळ्या सुरू करू. त्या गोळ्या संप्रेरकांच्या. आजी भडकल्या, "लग्नाआधी पाळणा लांबवायच्या गोळ्या देता होय पोरीला?" त्यांना समजावता समजावता आम्ही सगळ्या थकलो. चौथ्या महिन्यात मुलगी पाळीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाऊन बसली. त्यानंतर आजी त्या गोळ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी केले ते आज जगात मान्य झालेले आहे. पूर्वी पोटात दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा आजार पक्का धरत नसत. दुर्बीण म्हणजे भूल आली, खर्च आला, म्हणून निदान वर्षानुवर्षे रखडायचे. युरोपातल्या एश्रे या संस्थेने २०२२ च्या सूत्रांत ही अट सोडून दिली. तपासणीत काही दिसत नसेल, किंवा गोळ्यांनी उतार पडत नसेल, किंवा गोळ्या चालणार नसतील, तेव्हा दुर्बिणीचा विचार करावा, असे त्यांनी म्हटले आहे.

एमआरआयबद्दल थोडे सांगते, कारण त्याचे नाव काढले की घरात कर्करोगाची कुजबूज सुरू होते. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबक असते. आवाज भयंकर होतो आणि अर्धा-पाऊण तास निपचित पडावे लागते. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, सगळे काढून ठेवावे लागते. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशीच तेल लावून काढा, तिथे ऐनवेळी रडारड नको. एमआरआयमध्ये जुने रक्त एका प्रकारच्या फोटोत लख्ख उजळ आणि दुसऱ्या प्रकारात काळवंडलेले दिसते, त्यावरून चॉकलेट सिस्ट ओळखता येते. पण त्याचा खरा उपयोग खोल रुतलेला आजार कुठवर गेला आहे, आतड्यात का, लघवीच्या नळीजवळ का, हे ऑपरेशनच्या आधी कळावे म्हणून. लघवीची नळी दाबली गेली तर मूत्रपिंडाला सूज येते आणि ती पुष्कळदा दुखत नाही. त्यामुळे खोल आजाराचा संशय असेल तर सोनोग्राफीच्या वेळीच मूत्रपिंडेही बघा म्हणावे, त्याला दोन मिनिटे लागतात. सीटी स्कॅनचा या आजाराच्या निदानाला विशेष उपयोग नाही. सीए-१२५ ही रक्ताची तपासणीही एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी करू नये, असेच जाणकार सांगतात. ती इतर कारणांनीही वाढते आणि घरभर घबराट होते.

येथवर फोटोवर कमी विश्वास ठेवा असे मी सांगत आले. पण आपल्या दोन्ही राज्यांत उलट बाजूचे दुखणे अधिक मोठे आहे. ते म्हणजे फोटोतला एखादा शब्द धरून गर्भाशयच काढून टाकणे. कलबुर्गी जिल्ह्यात २०१५ च्या सुमारास हे उघडकीला आले. लंबाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांतल्या शेकडो बायका, कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या, पोटदुखी किंवा पांढरे जाते म्हणून खाजगी दवाखान्यांत गेल्या आणि गर्भाशय गमावून आल्या. कर्करोग होईल अशी भीती त्यांना घातली गेली होती. सरकारी चौकशी झाली, काही दवाखान्यांवर कारवाई झाली, आणि २०१७ मध्ये त्या बायका न्याय मागत कलबुर्गीच्या रस्त्यावर उतरल्या. मराठी बाजूला बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. तो आदेश आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत किती पोचला, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या बायकांना विचारून पाहावे.

माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर 'बल्की युटेरस' हे शब्द वारंवार असतात. बल्की म्हणजे आकाराने थोडे मोठे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे ते असू शकते. तो आजार नव्हे आणि कर्करोगही नव्हे. गाठीचेही तसेच. बीजांडकोशात रक्त भरलेली साधी गाठ कधीकधी हुबेहूब चॉकलेट सिस्टसारखी दिसते. साधी असेल तर काही आठवड्यांत विरघळते, चॉकलेट सिस्ट मात्र तशीच राहते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघू, असे डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत, शहाणपणाने वागत आहेत. अर्थात दुखणे असह्य असेल, ताप असेल, तर थांबायचे नाही. आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये आजार मुळातच गर्भाशयाच्या बाहेर असतो. पिशवी काढली की सगळे मिटले, असे कुणी सांगितले तर बाहेरच्या अस्तराचे काय करणार, हे विचारा. काही जणींना शेवटी शस्त्रक्रिया लागते, नाही असे नाही, पण ती दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावर, आणि मुलेबाळे हवी आहेत का हे त्या बाईला विचारल्यावर. नवऱ्याला नव्हे, बाईला.

जाताना एका पत्राचे उत्तर देऊन टाकते. भालकी तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे की सीझरच्या टाक्यांजवळ लहान गाठ आहे, एरवी काही होत नाही, पण पाळीच्या चार दिवसांत ती फुगते आणि हात लावू देत नाही, घरचे म्हणतात टाका पिकला असेल. बाई, टाका इतक्या वर्षांनी दर महिन्याला ठरल्या दिवशी पिकत नाही. सीझरच्या वेळी ते अस्तर जखमेत राहून तिथे वाढू शकते, हाही एंडोमेट्रिओसिसच. यासाठी आतल्या तपासणीची गरज नाही. गाठीवरच यंत्र ठेवून, त्वचेलगतचे बघायच्या पट्टीने सोनोग्राफी करतात, त्यात ती बहुधा दिसते. पाळीच्या दिवसांत, गाठ फुगलेली असतानाच जा, आणि ती कुठे दुखते तिथे पेनाने खूण करून ठेवा. सीझर कोणत्या साली झाले आणि गाठ कधीपासून आहे, एवढे चिठ्ठीवर लिहून बरोबर न्या.